सात बंदुका, सहा बार

पहिला बार माझ्या थोरल्या दिरानं, आबानं काढला. ओढ्यापलीकडच्या मातीच्या दरडीत छर्रे घुसले, चिखल उडाला आणि आंब्यावरचे सगळे कावळे एकदम उठले.

"एक," मी म्हणाले आणि वहीत टिंब केलं.

"नुस्तं एक? शाब्बास म्हण की," आबा हसत म्हणाला. बाकीचे पण हसले. आबा हसला की आमच्या गावात, चिंचेवळात, हसायची पद्धत होती.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे. लिहिताना करणार नाही.

विधानसभेची निवडणूक लागली होती. मतमोजणी होईपर्यंत परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करा, असा हुकूम आला होता. मी गावची पोलीस पाटील. पाचवं वर्ष होतं. गावात बंदुका सात. सहा ठासणीच्या, शेताच्या राखणीसाठी आजा-पणज्यापासून चालत आलेल्या. सातवी आबाची, काडतुसाची. ज्याच्या नावावर परवाना त्यानंच बंदूक ठाण्यात आणायची, असा नियम आहे. पण ठाणं तीस किलोमीटर लांब आणि एसटी दिवसातून दोनदा, त्यातली एक न येणारी. म्हणून सातही बंदुका परवान्याच्या वह्यांसकट एका गाडीत घालून पोलीस पाटलानं न्यायच्या, हे ठाण्यानं तोंडी कबूल केलेलं होतं. गाडी आबाची.

ठासणीची बंदूक एकदा भरली की सहज रिकामी करता येत नाही. नळीत दारू, वर चिंधी, वर छर्रे, परत चिंधी, आणि लोखंडी गजानं सगळं ठासलेलं. बार काढला तरच मोकळी होते. म्हणून जमा करायच्या दिवशी सकाळी सगळे ओढ्यावर जमतात, एकेक जण दरडीत बार काढतो आणि पोलीस पाटील मोजतो. आबाला खरं म्हणजे काही गरज नव्हती. काडतूस काढून खिशात टाकलं की झालं. पण पहिला बार त्याचाच, असा त्याचा हट्ट.

"दोन," मी म्हणाले. "तीन."

"भात पोसवलंय, आनि सरकार म्हंतंय बंदूक दे," राणोजी नाईक कुरकुरला. "डुकराला आचारसंहिता लागू हाय काय, वैनी? तसा कागद काढा, म्या जातो जंगलात वाचून दावायला."

"सही करून आण तेंची," आबा म्हणाला.

हसणं झालं. चार, पाच, सहा झाले. सातवा सटुआजा. सत्तरी उलटलेला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पोत्यात गुंडाळलेली बंदूक त्याची सून शालन घेऊन आली होती, आणि म्हातारा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. मुलगा गोव्याला हॉटेलात. घर गावाबाहेर, काजूच्या रानाला लागून. घरात ही दोघंच.

"माझी रिकामीच हाय, पोरी," म्हातारा म्हणाला. "दिसंना झालंय, कशाला भरू?"

खरं-खोटं करायला एका मिनिटाचं काम होतं. गज नळीत सोडायचा. रिकामी असली तर तळाच्या लोखंडावर ठण्ण वाजतं आणि गजाचं टोक नळीच्या तोंडाशी येतं. भरलेली असली तर थप्प असा मेलेला आवाज येतो आणि गज चार बोटं वर राहतो. पण आमच्याकडं चारचौघांत दुसऱ्याच्या नळीत गज सोडणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. त्यावरून डोकी फुटलेली आहेत. आंधळ्या म्हाताऱ्याचा तसा अपमान मी करणार होते काय? मी वहीत लिहिलं : सात बंदुका, सहा बार.

शालननं बंदूक माझ्या हातात दिली. दिली म्हणजे सोडलीच नाही पटकन. पोत्याचं एक टोक तिच्या मुठीत, एक माझ्या.

"वैनी, तुम्ही मागंच बसनार न्हवं?"

"मागंच बसते की मी नेहमी."

"मागंच बसा." मग मान खाली घालून, ओठ न हलवता बोलल्यासारखं बोलली, "आबांनी परवा दुपारी बंदूक उंबऱ्यावर आडवी ठेवली."

एवढंच. मी पोतं माझ्याकडं ओढून घेतलं.

"काय कुजबूज चाललीया बायकांची?" आबानं गाडीच्या दारातनं विचारलं. "चला, ऊन व्हायच्या आत पोचू."

बंदुका त्यानंच रचल्या. पिकअपच्या हौद्यात गोणपाट अंथरलं आणि सगळ्यांच्या नळ्या पुढं, केबिनच्या बाजूला केल्या. "तुझ्याकडं तोंडं नकोत बंदुकीची," तो म्हणाला. दर वेळी असंच रचायचा आणि दर वेळी हेच म्हणायचा. सगळ्या गावाला माहीत होतं.

"पुढं बस की गं वैजू. खड्डे लई हायत."

"बंदुकीपाशी कोणतरी पायजे."

"सा वर्सं झाली, पुढं काय बसत न्हाईस. म्या काय वाघ हाय काय?"

परत सगळे हसले. मी मागं चढले.

गावाबाहेर पडलो आणि रस्ता संपला. म्हणजे नावाला होता. घाटात तर डांबरापेक्षा खड्डेच जास्त. मी फाळक्याला पाठ लावून, पाय बंदुकांच्या दोन्ही बाजूंना रोवून बसले होते. समोर केबिनची मागची काच, आणि काचेत आबाची मान. जाड, दाढी केलेली, सोन्याची साखळी रुतलेली.

तिसऱ्या का चौथ्या धक्क्याला सटुआजाच्या बंदुकीवरचं पोतं सरकलं.

मी आधी नुसतं बघत राहिले. मग समजलं. घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी चमकत होती. आमच्याकडं तिला केप म्हणतात. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते आणि बार होतो. कुणीही शहाणा माणूस बार काढायच्या क्षणापर्यंत केप चढवत नाही. इथं केप चढवलेली होती आणि घोडा तिच्यावर टेकलेला होता.

मी गज काढला. गाडी हलत होती. गज नळीत सोडला.

थप्प.

चार बोटं वर.

नळी सरळ काचेकडं होती. काचेत आबाची मान.

आता त्या उंबऱ्याचं सांगायला पाहिजे. नवरा गेल्यावर पहिल्या वर्षी आबा माझ्याकडं दुपारचा यायचा. गाव शेतात असायचं तेव्हा. काही बोलायचा नाही. दारात थांबायचा, खांद्यावरची बंदूक काढायचा आणि उंबऱ्यावर आडवी ठेवायचा. या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. मग आत येऊन पाटावर बसायचा आणि म्हणायचा, "पानी दे." बंदूक ओलांडून बाहेर जायची माझी छाती नव्हती. हत्यार ओलांडू नये, हे तर लहानपणापासून अंगात मुरवलेलं. आणि ते नसतं मुरवलं, तरी ओलांडलं असतं का? त्यानं बंदूक कधी माझ्यावर रोखली नाही. कधी उचललीसुद्धा नाही. जाताना तेवढी उचलायचा. मधल्या वेळाबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांना समजायचं त्यांना समजलं.

पुढं मी बारावी पास म्हणून पोलीस पाटलाच्या परीक्षेला बसले. जागा बाईसाठी राखीव होती. आबानंच मला तालुक्याला नेलं, साहेबांना भेटवलं. मला वाटलं, पश्चात्ताप झाला असेल. अशी मी येडी. वर्षभरानं त्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा फॉर्म माझ्यापुढं आला. 'परवानाधारकाकडून सार्वजनिक शांततेस धोका आहे किंवा कसे', आणि त्याखाली माझ्या सहीची जागा. तेव्हा समजलं की पद मला मिळालेलं नाही, सही त्याला मिळालेली आहे. मी 'धोका नाही' लिहिलं. सही केली. आता तीन वर्षं उलटली होती. तोच फॉर्म परत माझ्या पिशवीत होता. आदल्या दिवशीच भरला होता. धोका नाही.

गाडी पहिल्या वळणावर आली. खड्डा. बंदुका उडाल्या आणि परत बसल्या. घोडा केपवर टिक् असा वाजला. बार झाला नाही.

मला ओरडता आलं असतं. काच ठोकता आली असती. अंगठ्यानं घोडा जरा वर उचलून केप काढली असती तर संपलं असतं. मी हात पुढं नेला.

आणि मागं घेतला.

दुसरं वळण. मी खड्डे मोजायला लागले. आबा गाणं गुणगुणत होता, काचेतनं ऐकू येत होतं. मी एकदा बंदुकीकडं बघत होते, एकदा मानेकडं. आंधळ्या म्हाताऱ्याची बंदूक, रस्ता सरकारचा, गाडी त्याची, रचलेली त्यानंच. माझा हात कुठंच लागलेला नव्हता. मी फक्त बसले होते. भीती वाटत होती, पण ती बार होईल याची आहे का होणार नाही याची, ते मला सांगता आलं नसतं.

तिसरं वळण.

तिसऱ्या वळणानंतर गाडी थांबली. उपकेंद्राच्या फाट्यावर नवीन नर्स उभी होती. अश्विनी. दोन महिन्यांपूर्वी आलेली, बावीस-तेवीसची, एसटीची वाट बघत.

"यष्टी काय येत न्हाई आता," आबा म्हणाला. "चला, सोडतो तालुक्याला."

"अहो, नको. मी थांबते."

"थांबता कुठं? बसा." त्यानं शेजारच्या सीटवर थाप मारली. "आमी काय खात न्हाई मानसं."

ती बसली. काचेत आता दोन डोकी. एक मान, एक वेणी. नळीचं तोंड दोन्हींच्या मधे.

मी देवाचं नाव घेतलं नाही. सुचलंच नाही. डाव्या हातानं नळी घट्ट धरली, उजव्या अंगठ्यानं घोडा वर उचलायला लागले. जुना, गंजका घोडा. स्प्रिंग कडक. घामानं अंगठा निसटला असता तर माझ्याच हातानं बार झाला असता. गाडी सुरू झाली. मी दात दाबून घोडा उचलून धरला, नखानं केप खरवडली. पहिल्यांदा निघाली नाही. दुसऱ्यांदा निघाली. मुठीत धरली आणि घोडा हळूहळू खाली टेकवला. मग बाटली काढली, बंदूक उभी केली आणि सगळं पाणी नळीत ओतलं. दारू भिजली की बंदुकीची काठी होते.

आणि मग काच बडवली. इतक्या जोरात की आबानं कचकन ब्रेक मारला.

"काय गं? काय झालं?"

"सिस्टर," मी ओरडले, "मागं या. माझ्यापाशी बसा."

"अगं, त्या बसल्यात की—"

"मागं या म्हणते न्हवं!"

अश्विनीनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. काय दिसलं तिला कोण जाणे. पर्स उचलून उतरली आणि मागं चढली. आबा आरशातनं माझ्याकडं बघत होता. हसत नव्हता.

उरलेला रस्ता ती मला चिकटून बसली होती. फाटा मागं पडल्यावर हळूच म्हणाली, "बरं झालं बोलावलंत. ते उपकेंद्रात येतात. बीपी बघा म्हणून."

"बंदूक असते बरोबर?"

"असते." मग जरा थांबून, "दारात ठेवतात. आडवी."

ठाण्यात हवालदार बामणे नेहमीसारखे चहा पीत बसले होते. बंदुका मोजून घेतल्या. सटुआजाच्या बंदुकीतनं पाणी गळायला लागलं.

"ही का रडतीय?"

"भिजली वाटेत."

"पाऊस कुठाय?"

"माझी बाटली सांडली."

त्यांनी नळीचा वास घेऊन बघितला. मग माझ्याकडं बघितलं. म्हातारा माणूस, चाळीस वर्षं बंदुका बघितलेला. बंदूक गोणपाटानं पुसून बाजूला ठेवली. "नूतनीकरण कुणाचं हाय का?"

"आमचं हाय," आबा माझ्या मागनं म्हणाला. "वैजू, दे तो कागद."

मी पिशवीतनं फॉर्म काढला. टेबलावर ठेवला. आणि बामण्यांच्या खिशातलं पेन मागून घेतलं.

"भरल्यालाच हाय की," आबा म्हणाला.

मी 'नाही' वर काट मारली. रेघ वाकडी गेली, परत मारली. वर लिहिलं, 'आहे'.

"बाई, खाडाखोड चालत नाही," बामणे म्हणाले.

"चालवून घ्या. शेजारी सही करते."

"कारण लिहावं लागतं."

आबा माझ्या इतका जवळ उभा होता की त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता. "वैजू," तो हळू म्हणाला, अगदी मायेनं म्हणावं तसं, "घरला जायचंय आपल्याला. एकाच गाडीतनं."

माझी गादी ओली होईल अशी मला लहानपणी भीती वाटायची, तशी भीती तिथं ठाण्यात, पायावर उभी असताना वाटली. खोटं कशाला सांगू? पेन खाली ठेवून त्याच्यामागनं गाडीत जाऊन बसावं, असंही वाटलं. पण अश्विनी दाराशी उभी होती. तालुक्याचं काम सोडून उभी होती.

मी लिहिलं : 'परवानाधारक दुसऱ्याच्या घरात शिरताना बंदूक उंबऱ्यावर आडवी ठेवतो.'

बामण्यांनी वाचलं. "म्हणजे? आडवी ठेवली तर काय झालं? रोखली न्हाई, झाडली न्हाई. ह्यात गुन्हा कुठाय?"

"घरी गेल्यावर बायकोला वाचून दाखवा," मी म्हणाले. "तिला समजंल."

"माझं पण नाव लिहा," अश्विनी दारातनं म्हणाली.

आबा थुंकायला बाहेर गेला, आणि परत आलाच नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आम्ही दोघी संध्याकाळच्या एसटीनं आलो.

गावच्या फाट्यावर उतरून मी तडक शालनकडं गेले. ती अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मला बघून उठली नाही. हात मात्र थांबले.

"जमा झाल्या सगळ्या?"

"झाल्या. पावती घे. बंदूक पुसून ठेव म्हणाले, आली की."

"वाटंत काय झालं न्हाई न्हवं, वैनी?"

"काय व्हायचंय?"

"न्हाई." तिनं एक खडा वेचला आणि लांब फेकला. "खड्डे लई हायत रस्त्याला. म्हनून इचारलं."

मी तिच्याकडं बघत राहिले. सटुआजाला दिसत नाही. डुकरं हाकायला रानात ही जाते, बंदूक ही भरते, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कागदावर कुठंच नव्हतं. नळ्या कुठल्या बाजूला रचतात, हेही सगळ्या गावाला माहीत होतं. तुम्ही मागंच बसा. ते माझ्यासाठी सांगितलं होतं तिनं. मी वाचावं म्हणून.

मी मूठ उघडली आणि केप तिच्या सुपात टाकली.

ती रडली नाही. केप उचलून पदराच्या टोकाला बांधली. "मग आता वं?" एवढंच विचारलं.

"आता मी इथं झोपायला येनार. मतमोजणी होईस्तवर."

एकोणीस दिवस गेले. कोयता उशाशी. एका दुपारी अंगणात चपला वाजल्या. आम्ही दोघी आत, भिंतीला पाठ लावून. चपला उंबऱ्यापर्यंत आल्या. थांबल्या. पण त्याच्या खांद्यावर काही नव्हतं, आडवं ठेवायला काही नव्हतं. किती वेळ उभा होता सांगता येत नाही. मग गेला. नुसत्या हातांनी उंबरा ओलांडायची त्याची छाती नव्हती. इतकी वर्षं आम्ही कुणाला भीत होतो, ते मला तेव्हा दिसलं, आणि इतका राग आला की मी कोयता भिंतीत मारला. खूण अजून आहे.

चौकशीला वरचे साहेब आले. आबानं वजन वापरलं, माझ्याबद्दल गावात काय-काय बोलून झालं. पण साहेबांनी बायकांना वेगळं बसवून विचारलं. तेच वाक्य त्यांना पाच वेळा लिहून घ्यावं लागलं. पाचवी बाई त्याची स्वतःची बायको होती. बंदूक ठाण्यातनं परत आली नाही.

सटुआजा गेल्यावर शालननं स्वतःच्या नावावर परवाना मागितला. डुकरं थांबत नव्हती, तिचा हक्क होता, आणि तिच्याइतका नेम गावात कुणाचा नव्हता. तिचा फॉर्म माझ्यापुढं आला. धोका आहे किंवा कसे. तो कागद मी चार दिवस उशाखाली ठेवला. तिनं भरलेली बंदूक माणसाच्या पाठीवर रोखून गाडीत पाठवली होती, हे मला माहीत होतं. आणि तीन वळणं मी खड्ड्याची वाट बघत बसले होते. ते तिला माहीत नव्हतं. अजून नाही.

मी 'धोका नाही' लिहिलं. सही केली. ते खरं होतं का खोटं, मला आजही सांगता येत नाही.

आता गावात बंदुका सहाच. निवडणूक लागली की आम्ही ओढ्यावर जमतो. आता मी प्रत्येकाच्या नळीत गज सोडते, मग कुणाला काय वाटायचं ते वाटो. पहिला बार शालनचा. दरडीत चिखल उडतो, कावळे उठतात, आणि मी काही म्हणायच्या आधीच ती बंदूक पुढं करते.

"सोडा गज, वैनी."

मी सोडते. ठण्ण वाजतं. ती माझ्याकडं बघून हसते.

तरी मी घोड्याखाली बोट घालून केपची जागा चाचपून बघते.